तलाठी गेला. आता पिल्लू आणावं का? पोरगाच नाही म्हणून राहिला

राळेगावची_आशा

नमस्कार. आधीच सांगून ठेवते, तलाठी म्हणजे आमचा कुत्रा. मागं एकदा बचत गटाच्या ग्रुपवर मी 'तलाठी दोन दिवसांपासून जेवला नाही' असं टाकलं होतं, तर एकीनं विचारलं, 'मग सातबारा कोणाकडून घ्यायचा?'

नाव मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ठेवलं. नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झालेल्या, आणि कापसाचे जे चार पैसे घरात आले होते ते सगळे त्याच नोटांत. मामाजी सकाळी सहाला तालुक्याला बँकेच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशीही नंबर लागला नाही, पण संध्याकाळी दुपट्ट्यात एक पिल्लू बांधून घेऊन आले. रांगेच्या बाजूच्या नालीत पडलं होतं म्हणे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई म्हणाल्या, "नोटा बदलाले गेलते का कुत्रं आनाले?" पुढं ते पिल्लू घरी कमी आणि गावात जास्त. शोधायला जावं तर कधी पानठेल्यावर, कधी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. मामाजी म्हणाले, "हा तं तलाठी झाला. कामाच्या टायमाले सापडतच नाही."

माझा मुलगाही त्याच सालचा. त्याची पहिली पावलं तलाठीचं शेपूट धरून पडली आहेत.

लई शूरबीर कुत्रा होता असं काही नाही, खोटं कशाला बोलू. २०१८ ला आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात ती टी-१ वाघीण होती, जिला पेपरवाले अवनी म्हणायचे. नोव्हेंबरात तिला बोराटीच्या जंगलात मारलं. त्या पावसाळ्यात अंधार पडला की आमच्याकडे दारं लागायची, आणि तलाठी इतका भ्यायचा की ओसरीतच मुतायचा. पण दिवसा वावरात मामाजींच्या मागं पक्का. बंडी निघाली की हा आसाच्या खाली, सावलीत. गाड्याखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतो म्हणतात ना, ते त्याचं तोंड बघून पटायचं.

आता दुखण्याचं. जुलैत मामाजींना छातीत दुखलं, आठ दिवस वर्ध्याला ठेवावं लागलं. त्या धावपळीत कुत्र्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मामाजी घरी आले तेव्हा तलाठी आधीच वाळलेला. आम्हाला वाटलं, मालक नव्हता म्हणून खाल्लं नाही. मग ताप, मग नाकातून रक्त. गोणपाटात गुंडाळून गाडीवर तालुक्याला नेलं. त्या दिवशी डॉक्टर शिबिराला गेलेले, दुसऱ्या दिवशी भेटले. गोचीड ताप म्हणाले, उशीर झाला म्हणाले. सलाइन, इंजेक्शनं, गोळ्या, सगळं केलं.

मी आशा सेविका आहे. गावातल्या कोणत्या लेकराची कोणती लस कोणत्या तारखेला, ते रजिस्टर न उघडता सांगते. आणि माझ्याच ओसरीत कुत्र्याच्या कानातले गोचीड मी चिमटीनं काढून रॉकेलच्या वाटीत टाकत बसायची, दर पावसाळ्यात, आणि मला वाटायचं झालं काम. हे मनातून जात नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामाजी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते झालं की उरलेली हळद दरवर्षी तलाठीच्या कपाळाला लागायची आणि त्यालाही आवतन मिळायचं. यंदाही दिलं. दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी पुढं ठेवली तर त्यानं नुसता वास घेतला आणि मामाजींकडे बघितलं, खाल्ली नाही म्हणून माफी मागावी तसं. करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे कोठ्यात, बैलांच्या मधात गेला. बाहेर पोरं रोगराई जावी म्हणून "घेऊन जा गे मारबत" ओरडत चालली होती.

आत्याबाईंनी त्याच्यावर पदर टाकला आणि म्हणाल्या, "घरावरचं व्हतं, त्यानं आपल्या आंगावर घेतलं." म्हणजे मामाजींचं दुखणं. आमच्याकडे बोलतात असं. मीही मान हलवली.

आता मुद्दा. तांड्यावर एका घरी कुत्री व्याली आहे, पाच पिल्लं. डोळे उघडून आठ दिवस झालेत. आमच्या ह्यांचं म्हणणं, हरभरा उगवला आहे, रोही (नीलगायी) आणि डुकरं धुऱ्यावर येऊन राहिलीत, कुत्रं पाहिजे, नाही तर कुंपणाच्या तारेला शॉक देणारी झटका मशीन घेऊ. मामाजी त्यावर एवढंच म्हणाले, "मशीन मांगं मांगं येते का?" पण पिल्लू आणू का विचारलं की उठून कोठ्यात जातात. अजूनही बंडी हाकायच्या आधी वाकून खाली बघतात. मग कासरा उचलतात.

मुलगी चौदा वर्षांची, ती आज आणा म्हणते. आत्याबाई म्हणतात, वर्ष होऊ द्या. आणि मुलगा, ज्याला सगळ्यात जास्त पाहिजे असेल असं मला वाटलं होतं, तो नाहीच म्हणतो. चार दिवस कारण सांगेना. मग एका रात्री अंथरुणात म्हणाला, "आई, नवीन आनलं तं तेबी कोनाचं तरी आंगावर घेऊन मरन ना?"

मला काही उत्तर सुचलं नाही. अंगणवाडीत बायकांना तासभर समजावून सांगते मी.

तर विचारायचं हे: आणावं का? आणलं तर त्याच कोठ्यात, त्याच ओसरीत त्याला पुन्हा गोचीड ताप होईल का? ह्यांना कुत्रा पाहिजे, पण उरलेल्यांत कुत्र्याच जास्त आहेत. आणि पोराला काय सांगू?

निवृत्त_पशुधन

ताई, मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं काढलीत, वणी-मारेगाव बाजूला. तुमचं वाचून पहिल्यांदा रागच आला, तुमच्यावर नाही, त्या रॉकेलच्या वाटीवर. प्रत्येक घरात असते ती.

गोचीड ताप हा कुत्र्यापासून कुत्र्याला थेट लागत नाही. भांड्यातून नाही, मातीतून नाही, अंथरुणातून नाही. मधात गोचीड लागतो. तुम्ही जे कानातून काढत होत्या ते रक्त पिऊन टच्च झालेले, मुगाच्या दाण्यापेक्षा मोठे, करडे. त्या माद्या. ती मादी पोट भरलं की आपोआप गळते आणि भिंतीवर चढते. कुत्र्याचा तांबडा गोचीड वर चढणारा आहे, हे लक्षात ठेवा. भेग शोधते, कवेलूखालची फट शोधते, तिथं हजारोंनी अंडी घालते आणि मरते. वाटीत वीस टाकले म्हणजे वीस गेले. भिंतीतले मोजले होते का?

आता तुमच्या कामाचं. ज्या जंतूनं हा ताप येतो तो मादीकडून अंड्यात उतरत नाही. म्हणजे नवीन फुटलेलं पिलू-गोचीड कोरं असतं. पण अर्धवट वाढीचे जे तलाठीचं रक्त पिऊन गळले आणि भेगेत बसले, ते जंतू घेऊन बसलेत, आणि ते महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. दुसरा एक गोचिडाचाच रोग आहे, बबेसिया, लाल लघवीचा. तो तर अंड्यातूनही पुढं जातो. म्हणून आधी भिंत, मग पिल्लू.

काय करायचं: कोठ्यातलं आणि ओसरीतलं जुनं गोणपाट, बारदाना जाळा. भेगा टॉर्च लावून बघा, कोरा, सिमेंटनं बुजवा, वरून चुना मारा. गोचिडाचं औषध दवाखान्यातून प्रमाण विचारून भिंतीला फवारा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यावर औषध चालत नाही, फुटलेल्यावर चालते. बैल त्या वेळी बाहेर बांधा, गव्हाणी झाका.

आणि हात जोडून सांगतो, पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारायचं औषध कुत्र्याला चोळू नका. 'गोचीड पटकन मरतात' म्हणून लोक चोळतात, मग कुत्र्याच्या तोंडाला फेस. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीत वीसच्यावर माणसं गेली, तुम्ही आशा आहात, तुम्हाला काय सांगायचं. माणसाच्या चामडीतून जाते ते औषध. सात किलोच्या जनावराचं काय होईल?

नाकातून रक्त येईपर्यंत तो आजार आत बहुतेकदा जुना झालेला असतो. जुलैत सुरू झाला असं समजू नका, कदाचित उन्हाळ्यापासून होता. लवकर कळला असता तर साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांत बहुतेक कुत्री उठतात. हे टोचायला नाही सांगत. पुढच्या वेळी ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या की थांबू नका म्हणून सांगतो.

पोराला माझ्याकडून सांगा: तलाठीनं कोणाचं काही अंगावर घेतलं नाही. त्याच्या अंगावर गोचीड होते. तो दिसतो, सापडतो, मारता येतो.

पुण्यातला_यवतमाळकर

माझं मत वेगळं आहे. गावठी कशाला, आता चांगलं लॅब्राडोर घ्या ना, पोरांशी प्रेमळ असतं. नागपूरला बारा-पंधरा हजारांत मिळतं.

मोहर्ली_जिप्सी

दादा, मे महिन्यात या एकदा आमच्याकडे, पारा ४५ च्या वर असताना. पुण्यातून आणलेलं लॅब्राडोर आमच्या एका रिसॉर्टवाल्यानं ठेवलं होतं, ते दिवसभर बाथरूमच्या फरशीवर पोट लावून पडायचं. हरभऱ्याच्या वावरात ते रोह्याच्या मागं धावेल का रोही त्याच्या?

ताई, मी ताडोब्याच्या बफरमध्ये गाडी चालवतो. तुमच्या बाजूला टिपेश्वरचं अभयारण्य आहे, म्हणजे आपलं दुखणं एकच. दोन गोष्टी सांगतो.

एक, जागलीला, म्हणजे रात्री वावर राखायला, कुत्रं नेलं तर रात्री साखळीनं बांधून ठेवू नका. बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. आमच्या गावात तीन वर्षांत किती गेली ते मोजणं सोडून दिलं. माझी लाली गेली तेव्हा साखळी तशीच होती, गळ्याचा पट्टासुद्धा बंद. धनगर लोक खिळ्यांचा पट्टा घालतात तो बरा, पण त्याहून बरं म्हणजे रात्री कुत्रं माणसासोबत मचाणावर किंवा झोपडीत आत. भुंकायचं काम तिथूनही होते.

दुसरं, लस. लोकांना वाटते कुत्र्याची लस कुत्र्यासाठी. जंगलाजवळ तसं नाही. २०१८ ला गीरमध्ये वीसच्यावर सिंह मेले, त्यात डिस्टेंपर सापडला. हा कुत्र्यांत फिरणारा रोग आहे. तुमच्या कुत्र्याला लस दिली म्हणजे टिपेश्वरच्या वाघावरही उपकार.

कुत्रा का कुत्री? माझा अनुभव, जागलीला कुत्री चांगली. कुत्रा भादव्यात आठ दिवस गायब होतो, नेमकं सोयाबीन उभं असताना. कुत्री घर धरून राहते. फक्त नसबंदी करून घ्या, नाही तर दर वर्षी पाच-सहा पिल्लं वाटत फिराल. तांड्यावर कुत्र्याच का उरल्या ते तुम्हाला माहीतच आहे, नर आधी उचलले जातात.

वरूडची_संत्रा

मी उलट सांगणार आहे, रागावू नका.

आमचा मोती ट्रॅक्टरखाली आला. ट्रॅक्टर आमचाच, चालवणारे दीर. घरात कोणी कोणाशी बोलेना. दहाव्या दिवशी दिरांनी स्वतःच्या मनाचं ओझं उतरवायला म्हणून तसंच पांढरं पिल्लू आणलं आणि नावही मोतीच ठेवलं. मला आजही वाटतं, ते नाव ठेवायला नको होतं. त्या बिचाऱ्यानं काहीही केलं तरी 'आपला मोती असा नव्हता'. आपला मोती चपला चावत नव्हता. आपला मोती पावसात आत यायचा नाही. पहिल्या मोतीनंही चपला चावल्या होत्या, मीच शिवून आणल्या आहेत, पण मेलेल्याचे चपलांचे हिशोब कोण ठेवतं? शेवटी ते माझ्या भावाकडे मोर्शीला दिलं. तिथं त्याचं नाव बबन आहे आणि मस्त आहे.

म्हणून म्हणते, मामाजी उठून कोठ्यात जातात ना, जाऊ द्या. कोणाच्या तरी हट्टानं नका आणू.

आणि निवृत्त काकांशी मी एका गोष्टीत सहमत नाही. आजीचं बोलणं पोरासमोर खोटं पाडू नका. नवरा दवाखान्यातून जिवंत घरी आला आणि पाठोपाठ कुत्रं गेलं, त्या बाईला त्या दोन गोष्टी कुठंतरी जोडाव्याशा वाटल्या. तिनं स्वतःसाठी म्हटलं ते, पोरानं ऐकलं एवढंच. तिलाच सांगा पोराशी बोलायला.

कळंब_किराणा

महत्त्वाचं कोणी बोललंच नाही! ज्या घरात कुत्रं मेलं तिथं वर्षभर पिल्लू आणू नये, रोग मातीत राहतो. माझी दोन पिल्लं एकामागं एक गेली, रक्ताची हगवण. फिनाइलनं रोज अंगण धूत होतो.

निवृत्त_पशुधन

कळंबवाले भाऊ, तुमचं होतं ते पार्व्हो. ताईंचं ते नाही. पार्व्होचा विषाणू मातीत, फटीत वर्षवर्षभर टिकतो हे तुमचं खरं, पण फिनाइलला तो भीत नाही. त्याला ब्लीचिंग लागते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, तिचं ताजं पाणी करून फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्याचा जोर राहत नाही, तिथं लस हाच उपाय. तुम्ही पिल्लं किती दिवसांची आणली होती?

कळंब_किराणा

पंचवीस दिवसांची असतील. दूध पीत होती बाटलीनं. लस नव्हती दिली, लहान होती म्हणून.

निवृत्त_पशुधन

तेच तर. पंचवीस दिवसांचं पिल्लू आणू नका हो कोणी. ताई, तुम्हीही. डोळे उघडले म्हणजे पिल्लू तयार झालं असं नसते. आठ आठवडे आईपाशी राहू द्या. आईचं दूध मिळते, आणि चावायचं किती ते भावंडांत शिकते. जोरात चावलं की दुसरं किंचाळते, खेळ बंद. ही शाळा तुमच्या घरी नाही.

सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चौथा महिना भरेपर्यंत. मधातच थांबवायची नाही. आईकडून आलेलं संरक्षण अंगात असते तोवर लस नीट लागत नाही, आणि ते कधी उतरेल ते पिल्लागणिक वेगळं, म्हणून परत परत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची, पुढं दर वर्षी. जंताचं औषध त्याआधीपासून. तांड्यावर जाऊन त्या आईलाही जंताचं पाजून या, पाचही पिल्लांचं भलं होईल.

गाईचं दूध बादलीभर पाजू नका, पातळ हगवण लागते. भाकर वरणात कुस्करून, अंडं, दही थोडं. कांद्याची फोडणी असलेलं नको. आणि तोवर पोरांना चावलं-ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबणानं धुवायचं आणि आरोग्य केंद्रात जायचं, 'घरचंच पिल्लू आहे' म्हणायचं नाही. हे ताईंना नाही, बाकीच्यांना सांगतो.

राळेगावची_आशा

सगळ्यांचे आभार. दीड महिन्यानंतर लिहून राहिले, वेचणीत वेळच मिळाला नाही. मध्ये पल्स पोलिओचं पण काम होतं.

संत्राताई, तुमचं ऐकलं. आत्याबाईंनाच म्हटलं, पोरगा असं असं म्हणतो. त्या कितीतरी वेळ तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. मग त्याला हाक मारून म्हणाल्या, "मी बोलली ते माह्या जिवासाठी बोलली रे. कुत्र्याले काय समजते कोनाचं काय दुखते." त्यानं विचारलं, "मंग मेला कायनं?" त्या म्हणाल्या, "तुह्या मायले विचार." आली ना माझ्यावरच.

मी त्याला निवृत्त काकांचं पूर्ण वाचून दाखवलं, रॉकेलच्या वाटीसकट. तो ऐकत होता, पण 'भिंतीतले मोजले होते का' इथं त्याचे डोळे बदलले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला, टॉर्च घेतला, ह्यांचा जुना पेचकस घेतला आणि कोठ्यात. बैलाच्या गव्हाणीच्या वर, जिथं तलाठी पाठ घासायचा, त्याच्या हातभर वर एक भेग आहे. पेचकस आत घालून त्यानं ओढला तर माती निघाली, आणि मातीसोबत तिळासारखे चपटे, तांबडे, पाय हलवणारे. मी अंगावर शहारे येऊन मागं सरले. तो नाही सरला. साबणाच्या पाण्याच्या बाटलीत एक एक टाकत गेला आणि मोजत गेला. पहिल्या दिवशी एकशे चौदा. आठ दिवस रोज जायचा. शेवटच्या दिवशी तीन निघाले, ते त्यानं मला बाटलीत दाखवले, निकाल दाखवावा तसे. मग ह्यांनी सिमेंट भरलं, चुना मारला, दवाखान्यातून औषध आणून फवारा झाला, एकवीस दिवसांनी दुसरा. बैल दोन रात्री अंगणात होते, त्यांनी माझी तुळस खाल्ली.

चुना वाळल्यावर पोरगा म्हणाला, "आता आनलं तं चालते."

पिल्लांपैकी तीन गेलीत, दोन उरल्यात, दोन्ही कुत्र्याच. एकीच्या शेपटीचं टोक पांढरं आहे. ती ठरली. आईला आणि दोघींना जंताचं औषध मी जाऊन पाजलं, तांड्यावरच्या बायका हसत होत्या की आशाताई आता कुत्र्यांच्या पण भेटी घेते. पहिली लस तिथंच झाली. येत्या रविवारी आणायची, नऊ आठवडे भरून वर चार दिवस होतील. झटका मशीन पण घेतली आहे, ह्यांचं मन राखायला.

मामाजी अजून काही बोलत नाहीत. पण रोज दिवस मावळायच्या आधी तांड्याकडे जातात. विचारलं तर म्हणतात, "खर्रा आनाले." तंबाखूचा खर्रा त्यांनी जुलैत दवाखान्यातून आल्यापासून बंद केला आहे.

मी लेकरांच्या लसीच्या कार्डासारखंच एक कार्ड करून ओसरीत खिळ्याला लावलं आहे. आईचं नाव राणी, जन्मतारीख तांड्यावरून विचारून घेतली, पुढच्या लसींच्या तारखा लाल पेननं. बाळाच्या नावाची रेघ मुद्दाम कोरी ठेवली होती, कोणी घाई करू नये म्हणून. काल संध्याकाळी बघितलं तर त्या रेघेवर पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं. दुसरं अक्षर वाचता येत नाही. पहिलं 'को' आहे, आणि त्याचा काना मामाजी काढतात तसा लांब, खालच्या रेघेपर्यंत गेलेला. मुलगी म्हणते, कोतवाल.

निवृत्त काका, एक विचारायचं राहिलं. पहिली लस होऊन दहा दिवस झालेत. तर बंडीवर टोपल्यात बसवून वावरात नेलं तर चालेल, का चौथा महिना भरेपर्यंत घरीच ठेवू? मी नाही विचारत आहे. कोठ्यातून विचारणं आलं आहे.